पिराजी आण्णा यादी पुकारतात

श्री. पिराजी वरुटे यांच्या मालकीची जमीन अडीच एकर आहे, म्हशी दोन आहेत आणि घर चार खणांचे आहे. आवाज मात्र एवढा मोठा आहे की तो भोगावतीच्या या काठावर निघाला तर पलीकडच्या काठावर वैरण कापणारी माणसे मान वर करतात. आमच्या मोरजाईवाडीत लहानथोर सर्वजण त्यांना आण्णा म्हणतात. वय पंच्याहत्तरीच्या आसपास, पण नक्की जन्मतारीख विचारली तर ते उत्तर देतात, "ज्या वर्षी आमच्या वस्तादांनी पंजाबचा पैलवान चितपट केला, त्याच वर्षीचा मी." या उत्तरावर सरकारी कामे होत नाहीत, हे पंचायतीचा निवृत्त कारकून या नात्याने मी त्यांना अनेकदा समजावून सांगितले आहे.

आण्णांनी सारी उमर कुस्त्यांची मैदाने पुकारण्यात घालवली. आमच्या जिल्ह्यात जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच, आणि फड म्हटला की पुकारणारा आलाच. पैलवान आखाड्यात उतरला की आण्णा आधी त्याचे नाव सांगत, मग गाव, मग तालीम, मग वस्ताद आणि शेवटी इनामाची रक्कम. हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही. जोड जाहीर केल्यावर ते "कुणाची हरकत?" असे विचारत आणि चांगले तीन-चार श्वास थांबत. जोड विजोड वाटली तर प्रेक्षकांतला कोणीही उठून तसे म्हणू शकत असे, आणि म्हणणाऱ्याचे ऐकून घेतल्याशिवाय कुस्ती लागत नसे. स्वतःच्या तालमीचा पैलवान उतरला की मात्र आण्णा माइक दुसऱ्याच्या हाती देत. "आपल्या घरच्या पोराची कुस्ती आपण पुकारली, तर जिंकूनबी ती हरल्यागत," असे त्यांचे मत होते.

अलीकडे मैदानांवर नवे निवेदक आले. ते शेरोशायरी म्हणतात, मध्येच गाणी लावतात आणि वस्तादाचे नाव विसरतात. आण्णांना बोलावणी येईनाशी झाली. दोन वर्षे ते दूध संस्थेच्या कट्ट्यावर सकाळ-संध्याकाळ बसून काढत होते, आणि एवढ्या मोठ्या आवाजाला एवढासा कट्टा पुरत नव्हता.

अशा स्थितीत पंधरा ऑगस्टची ग्रामसभा आली. शासनाकडून कोणत्या शेतकऱ्याला कशासाठी किती अनुदान मिळाले, ती यादी ग्रामसभेत वाचून दाखवायची असते. वाचली जात होतीही, परंतु ती ऐकली जात नव्हती. आमच्या ग्रामसेविका पूर्णिमाताई अत्यंत कार्यतत्पर आहेत; मात्र त्यांचा आवाज पहिल्या रांगेतच संपतो. त्या दिवशी त्यांनी चौथे नाव वाचले तेव्हा मागे बसलेली मंडळी उसाच्या दराबद्दल बोलत होती आणि काही जण उठून चालू लागले होते.

"ताई," मागून आण्णा गरजले, "न्हाय ऐकू येत! यादी हाय का मंत्र हाय?"

"मग तुम्हीच वाचा की आण्णा," पूर्णिमाताई त्रासून म्हणाल्या.

त्या हे केवळ बोलायचे म्हणून बोलल्या होत्या. पण आण्णा तोवर व्यासपीठापर्यंत आले होते. त्यांनी चष्मा पुसला, माइकवर दोनदा टिचकी मारली आणि मैदानातली जुनी ललकारी दिली. उठून निघालेली माणसे जागच्या जागी थांबली.

"मोरजाईवाडीची बाळाबाई गुरव! खालच्या आळीची! दोन म्हशी, एक रेडकू! कडबाकुट्टी यंत्र! अनुदान, रुपये दहा हजार! बँकेचा खातं नंबर..."

पूर्णिमाताईंनी झडप घालून कागदावर हात ठेवला. "खाते क्रमांक वाचायचा नाही, आण्णा! नाव, योजना आणि रक्कम, एवढेच सार्वजनिक असते."

"बरं," आण्णा म्हणाले आणि पुढे त्याच आवाजात गरजले, "खातं नंबर ज्याचा त्याच्यापाशी! कुणाची हरकत?"

ते थांबले. सभाही थांबली. साऱ्या माना बाळाबाईंकडे वळल्या. त्या बाईने आयुष्यभर जत्रेतली मैदाने पाहिलेली. नाव पुकारले गेले, इनाम जाहीर झाले, तेव्हा पुढे काय करायचे असते हे तिला पक्के ठाऊक होते. ती उठली, पदर खोचला, उजवा हात उंच केला आणि जमलेल्या मंडळींच्या कडेने एक फेरी मारली. प्रेक्षकांनाही पुढचे ठाऊक होते. कोणी दहाची, कोणी वीसची नोट तिच्या हातात दिली. पूर्णिमाताई माइकशिवायच ओरडत होत्या, "अहो, हे अनुदान आहे, कुस्ती नव्हे! पैसे परत करा!" इतिवृत्तात या रकमेची नोंद कोणत्या सदरात करावी, हे त्यांनी मला हळूच विचारले. असे सदर अस्तित्वात नाही, असे मी सांगितले. नोटा ज्याच्या त्याला परत करण्यात आल्या आणि त्या दिवशी सभा पूर्ण वेळ चालली.

तेव्हापासून यादी पुकारण्याचे काम आण्णांकडे आले. त्याचे दोन परिणाम झाले. एक म्हणजे ग्रामसभेला माणसे मावेनाशी झाली. दुसरा म्हणजे लोक एकमेकांची शेते पाहू लागले. ज्याच्या नावावर शेडनेट पुकारले गेले, त्याच्या बांधावरून जाणारा प्रत्येकजण आत डोकावून शेडनेट आहे ना याची खात्री करून घेऊ लागला. गुपचूप दिलेले इनाम आणि आतून ठरवून खेळलेली कुस्ती यांत काही फरक नाही, असे आण्णा कट्ट्यावर सांगत, आणि लोकांना ते पटत असे.

आता श्री. हंबीरराव इंगवले यांच्याविषयी. हे आण्णांचे बालमित्र; गाव त्यांना तात्या म्हणते. दोघे एकाच तालमीत वाढले, एकाच वस्तादांचा मार खाल्ला आणि गेली साठ वर्षे रोज सकाळी एकमेकांचा पाणउतारा केल्याशिवाय दोघांचा चहा घशाखाली उतरत नाही. सव्वीस जानेवारीच्या यादीत हंबीररावांचे नाव आले. त्यांना पॉवर टिलरसाठी अनुदान मिळाले होते. हे यंत्र आपण रोख पैसे मोजून घेतल्याचे हंबीररावांनी वर्षभर सांगितले होते. आण्णांनी ते नाव असे काही लांबवून पुकारले की पंचायतीच्या छतावरची कबुतरे उडाली. लोक हसले. हंबीररावही मिशीत हसले. गोष्ट इथेच संपायची. परंतु आण्णांना माइक हातात असताना थांबणे कधी जमलेले नाही.

"आणि सांगून ठेवतो," ते म्हणाले, "ह्या पिराजीच्या घरात सरकारचा एक पैसा आल्याला न्हाय! वड्याकाठच्या रानात ठिबकच्या पाइपा दिसत्यात न्हवं? पोराच्या बोनसच्या हायत! लढल्याबिगार इनाम घ्यायचं न्हाय, ही आमची रीत!"

टाळ्या पडल्या. सभेत स्त्रियांच्या बाजूला आण्णांची सून संयोगिता बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत.

संयोगिता ही या घरातली खरी शेतकरी. मुलगा धैर्यशील शिरोलीच्या फौंड्रीत पाळीवर जातो. ओढ्याकाठचा एक एकर आण्णांनी स्वतःहून सुनेच्या नावावर केला होता, कारण, त्यांच्या शब्दांत, "राबतीया ती, मग नाव माझं कशाला?" त्या एकरात ठिबक बसवायचे तिनेच ठरवले. दुधाच्या पैशांतून साठवलेली रक्कम आणि धैर्यशीलचा बोनस एकत्र करून तिने आधी पूर्ण पैसे भरले, उसाच्या सऱ्यांतून नळ्या अंथरल्या, कृषी खात्याचे साहेब येऊन पाहणी करून गेले, आणि पुढे काही महिन्यांनी अनुदान तिच्या खात्यावर जमा झाले. या योजनेची रीतच अशी आहे: आधी खर्च, मग पाहणी, मग परतावा. आण्णांना यातला फक्त बोनस ठाऊक होता. बाकीचे विचारण्याची त्यांना गरज वाटली नव्हती.

एक मेच्या ग्रामसभेची यादी पंचायतीच्या फलकावर लागण्याआधीच संयोगिताने सासऱ्यांना सांगायचे ठरवले. पुढचा प्रसंग तिनेच मला नंतर सांगितला. संध्याकाळी आण्णा म्हशीला पेंड चारत होते.

"मामा, एक सांगायचं हुतं. औंदाच्या यादीत माझं नाव हाय."

"कशाचं?"

"ठिबकचं. एकेचाळीस हजार."

आण्णांच्या हातातली पेंड तशीच राहिली. म्हशीने ती हातातूनच खाल्ली.

"आणि मी माइकवर काय बोललो, ते ऐकलंस?"

"साऱ्या गावानं ऐकलं की, मामा."

"मग तवाच उठून का न्हाय सांगितलंस?"

"चारचौघांत सासऱ्याला खोटं पाडू व्हय?" ती म्हणाली. "पर आता एक ऐका. माझं नाव आलं की तुमी बारीक आवाजात वाचून पुढं जाऊ नगासा. तसं केलंसा तर लोकांना वाटंल, चोरून घेतलंय. सऱ्यांतनं मी वाकले, साहेबाच्या मागं मी फिरले. माझं बी नाव बाळाबाईसारखं पुकारलं पायजे."

आण्णांनी त्या रात्री भाकरी अर्धीच खाल्ली. त्यांची अडचण खरोखर मोठी होती. मोठ्याने पुकारावे, तर साऱ्या गावादेखत केलेली फुशारकी उघडी पडणार. हळू वाचावे, तर सुनेच्या प्रामाणिक कामावर डाग बसणार. शिवाय धोका केवळ अब्रूचा नव्हता. पाइपा बोनसच्या पैशांतून घेतल्याचे खुद्द त्यांनीच माइकवरून जाहीर केले होते. मग त्याच पाइपांवर सरकारचे अनुदान कसे, असा प्रश्न कोणी विचारला आणि तो इतिवृत्तात नोंदला गेला, तर चौकशी लागून संयोगिताला मिळालेले पैसे परत मागितले गेले असते.

आणि प्रश्न विचारणारा तयारच होता. यादी फलकावर लागल्या दिवसापासून हंबीरराव कट्ट्यावर जरा जास्तच वेळ बसू लागले होते.

"काय गा पिराजी," ते सर्वांदेखत म्हणायचे, "एक तारखेला घसा बसणार म्हण की तुझा! आतापास्नंच ज्येष्ठमध चघळ."

"माझ्या घशाची काळजी तू करू नगंस. तुझ्या टिलरात डिझेल घाल."

"घालतो की. माझं उघड हाय. तुझ्या पाइपांत काय हाय ते बघू."

एक मे उजाडला. झेंडावंदन झाले आणि पंचायतीसमोरच्या वडाखाली सभा भरली. एवढी गर्दी मी त्या वडाखाली यापूर्वी पाहिली नव्हती. हंबीरराव पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसले होते. आण्णांनी नेहमीच्या क्रमाने नावे पुकारली. आवाज खणखणीत होता, पण दर नावानंतर ते कागदाच्या खालच्या टोकाकडे पाहत होते. शेवटून दुसरे नाव झाले आणि ते थांबले.

"मंडळी," ते म्हणाले, "म्होरलं नाव माझ्या घरचं हाय. आपल्या तालमीची कुस्ती मी कधी पुकारली न्हाय, आजबी पुकारणार न्हाय. हंबीरराव, ऊठ. माइक घे."

हंबीरराव खुर्चीतून अर्धवट उठले आणि तसेच थांबले. त्यांनी चेष्टेची तयारी केली होती, माइकची नव्हे. सभा ओरडू लागली, "घ्या की तात्या! घ्या!" शेवटी त्यांनी माइक घेतला, कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि वाचले, "संयोगिता धैर्यशील वरुटे. ठिबक सिंचन. एकेचाळीस हजार तीनशे. कुणाची हरकत?"

एकही हात वर झाला नाही.

"कुणाचीच न्हाय?" हंबीररावांनी चहूकडे पाहिले. "मग माझी हाय! माइकवाल्यानं हरकत घेऊ ने, असा काय नियम हाय का?"

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. असा नियम नाही, असे मी सांगितले.

"मग ऐका. सव्वीस जानेवारीला ह्योच पिराजी ह्याच जाग्यावरनं म्हणाला, पाइपा बोनसच्या. आता कागद म्हणतोय, सरकारच्या. दोन्ही खरं कसं? आणि पाइपा रानात हायत, का नुसत्या कागदावर?"

पूर्णिमाताईंनी पेन उचलले. आण्णा काही बोलणार, तोच स्त्रियांच्या बाजूने संयोगिता उभी राहिली.

"तात्या, दोन्ही खरं हाय. आधी पैसं आमी भरलं, त्यात बोनस बी हुता. मागनं सरकारनं त्यातलं परत दिलं. पावती हाय, पाहणीचा फोटो हाय. पर कागद कशाला बघताय? रान हितनं हाकेच्या अंतरावर हाय. चला की आत्ताच."

"चला!" सभा एका सुरात म्हणाली. सभा तहकूब न करता स्थळपाहणीस जाता येते काय, हा प्रश्न पूर्णिमाताईंनी उपस्थित केला, पण उत्तर ऐकायला कोणी उरले नव्हते. त्यांनी इतिवृत्त काखेत मारले आणि त्याही निघाल्या. पंचायतीचा बिनतारी माइक हंबीररावांच्या हातातच राहिला होता.

ओढ्याकाठी पोहोचल्यावर संयोगिताने मोटारीचे बटण दाबले. मोटार हलली नाही. वीज गेली होती.

"बघा!" हंबीरराव आनंदाने म्हणाले.

"तात्या, लाइट काय मी घालवली?" संयोगिता म्हणाली. "बसा सावलीला. यील एवढ्यात."

अर्धे गाव बांधावर, जांभळीखाली आणि पाटाच्या कडेला बसले. कोणी ऊस मोडून घेतला. संयोगिताने कळशीभर ताक मागवले. बाळाबाई सऱ्यांतून वाकून नळ्या मोजू लागली आणि प्रत्येक नळीला हात लावून मोठ्याने सांगू लागली, "ही हाय! ही बी हाय!" हंबीरराव स्वतः सरीत उतरले. नळी बोटांनी चाचपली, नळीवरच्या छिद्राला डोळा लावून आत पाहिले.

"ह्यातनं पाणी येतंय व्हय? मुंगी जाईना ह्यातनं."

आणि नेमकी तेव्हाच वीज आली. बटण चालूच राहिले होते. मोटार घरघरली, नळी फुगली आणि पाण्याची बारीक चिळकांडी थेट हंबीररावांच्या डोळ्यात गेली. ते मागे सरले ते चिखलातच बसले. चष्मा एकीकडे, टोपी दुसरीकडे. मैदानातही एवढा जल्लोष मी क्वचित ऐकला असेल.

"चितपट!" कोणीतरी ओरडले.

"पाठ टेकली न्हाय माझी!" हंबीरराव चिखलातूनच गरजले. "बसलोय नुसता!" हातातला माइक मात्र त्यांनी वरच धरला होता, कारण तो पंचायतीचा होता. त्यांनी तोंड पुसले, चालू असलेल्या साऱ्या सरीकडे नीट पाहून घेतले आणि माइक तोंडाशी नेला.

"हरकत मागं! पाइपा हायत, पाणी हाय, आणि पोरगी खरी हाय. खोटं बोलला तो एकटा पिराजी!"

सारे आण्णांकडे वळले. ते बांधावर उभे होते. त्यांनी हंबीररावांना हात देऊन चिखलातून उठवले आणि त्यांच्या हातातून माइक घेतला.

"बरोबर हाय," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मोठा होता. "सुनंनं काय केलंय त्याची चौकशी न करता मी बोललो. लढल्याबिगार इनाम घ्यायचं न्हाय, असं म्हणालतो. ही लढली, मला दिसलं न्हाय. चूक माझी. लिहून घ्या ताई."

पूर्णिमाताई बांधावर बसून खरोखरच लिहीत होत्या. हरकत आली, स्थळपाहणी झाली, हरकत मागे घेण्यात आली, असे तीन ओळींत. आण्णांचे कबूल करणे त्यांनी लिहिले नाही. ते कोणत्या सदरात बसते, असे त्यांनी या वेळी मला विचारलेही नाही.

लोक पांगू लागले. संयोगिता ताकाची भांडी गोळा करत होती.

"मामा," ती म्हणाली, "ह्या बाजूला पाणी पुरं झालं. तेवढा कॉक बंद करता का?"

आण्णा कॉकपाशी जाऊन वाकले. या रानात ठिबक येऊन वर्ष होत आले होते, पण त्या वस्तूला त्यांचा हात प्रथमच लागत होता.

"कुणीकडं फिरवायचा गं?"

"डावीकडं!" हंबीरराव बांधावरून ओरडले. "माझ्या टिलरचा बी डावीकडंच फिरतो!"

"उजवीकडं, मामा," संयोगिता म्हणाली.

आण्णांनी मित्राकडे पाहिले, मग सुनेकडे पाहिले, आणि कॉक उजवीकडे फिरवला.